शिवणाऱ्या माणसाला दिवाळीला काय द्यावं? (ब्लाऊजपीस सोडून बोला)

मागच्या दिवाळीत मला १७ ब्लाऊजपीस आले. भाऊबीजेला तीन, नणंदेकडून एक जोड, शेजारच्या काकूंनी ओटीत घातलेला एक, बाकीचे कुठून आले ते आता आठवतही नाही. मी परभणीत राहते आणि गेली वीस वर्षं घरीच शिवते. ज्या बाईच्या घरात मशीन आहे तिला कापड द्यायचं, हे पाहुण्यांना इतकं सरळ वाटतं की पुढे कुणी विचारच करत नाही. त्यातले निम्मे ऐंशी सेंटिमीटरचे. माझ्या अंगाला ते पुरत नाहीत, बाही तोकडी करावी लागते. दोघींनी तर पीस हातात ठेवतानाच सांगितलं, "आक्का, आमच्या सुनेचं बी एक तेवढं शिवून ठेवा, माप जुन्या झंपराचं घ्या." आता ही भेट म्हणायची का काम?

तेव्हापासून कुणी विचारलं, "माझ्या वहिनीला शिवणाची लई आवड आहे, काय घेऊ?" की मी आधी एवढंच सांगते: शिवणाऱ्या माणसाला कापड देणं म्हणजे काम देणं. तिला काम सोपं होईल असं काहीतरी द्या. त्यासाठी तुम्हाला शिवता येण्याची गरज नाही, फक्त दिवाळीच्या पंधरा दिवस आधी थोडी पाहणी करावी लागते.

पहिली पायरी: चहाच्या निमित्तानं मशीनपाशी जाऊन बसा

दुकानात जायच्या आधी तिच्या घरी जा. मशीन कुठलं आहे ते बघा. काळं, लोखंडी, पायानं चालवायचं. त्यालाच मोटर बसवलेलं. की पांढरं, प्लॅस्टिकच्या अंगाचं, झिगझॅग टीप मारणारं? मोबाईलवर एक फोटो काढा, मशीनवरचं नाव आणि नंबर त्यात आला पाहिजे. जमलं तर बॉबिनचा (खालचा दोरा गुंडाळायची छोटी चकती) आणि वापरून टाकलेल्या सुईचाही फोटो घ्या. याचं कारण पुढे सुईपाशी आल्यावर कळेल.

मग आजूबाजूला नजर टाका. कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळलीय का? टेपवरचे पहिले दोन इंच पुसलेत का? ती कापड जमिनीवर पसरून, वाकून कापते का? संध्याकाळी शिवताना मोबाईलचा टॉर्च मशीनवर टेकवून ठेवते का? सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारते का? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एकेक भेटवस्तू आहे.

सरळ विचारायलाही काही हरकत नाही. "आक्का, शिवणाचं काय संपलंय?" असं विचारलं तर चार वस्तूंची यादी मिळते. आपल्याकडे भेट म्हटली की ती गुपचूप आणायची, असं अलीकडे झालंय. आमच्या आईच्या काळी माहेरून पत्र यायचं, काय पाहिजे ते कळव म्हणून. त्यात काही बिघडत नव्हतं.

दुसरी पायरी: ती कशासाठी शिवते ते समजून घ्या

जी बाई फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवून चार पैसे कमावते, तिच्याकडे हत्यारं असतात पण ती झिजलेली असतात. नवी घ्यायची म्हटलं की मुलांची फी आडवी येते. तिला तेच हत्यार चांगल्या प्रतीचं द्या, जे ती स्वतःसाठी कधीच घेणार नाही. जी हौसेनं शिवते, नातीला फ्रॉक, घराला पडदे, तिला प्रयोगाच्या वस्तू आवडतात: वेगळं फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा पाय), वेगळी लेस, भरतकामाचे दोरे. आणि नुकतीच क्लास लावलेली मुलगी असेल तर तिला महागडं काहीच नको. तिला खाकी कागदाचे मोठे ताव, एक एल स्केल, बाही-मुंढ्यासाठी फ्रेंच कर्व्ह म्हणजे वळणाची पट्टी, दोन-चार रंगांचे खडू आणि चुका करायला स्वस्त सुती कापड द्या. पेपर कटिंग नीट जमलं की ब्लाऊज निम्मा जमला. साधं मांजरपाट पाच मीटर दिलं तरी ती पोरगी खुश होते. कारण त्यावर कात्री चालवताना हात थरथरत नाही.

शिवणारा पुरुष असेल तर वेगळा विचार करण्याची गरज नाही. मराठवाड्यात तरी हे सांगायला नको. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज शिंप्याच्याच घरचे.

तिसरी पायरी: संपणाऱ्या वस्तू आधी

किराण्यासारख्या काही गोष्टी शिवणात सतत संपतात. त्या भेट दिल्या तर स्वस्त दिसतात म्हणून लोक कचरतात. पण शिवणाऱ्या बाईला विचारा, रात्री अकराला, उद्या सकाळी द्यायचं ब्लाऊज हातात असताना शेवटची सुई मोडली की काय वाटतं.

सुईबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा दांडा एका बाजूनं चपटा असतो. टेलर लोकांच्या वेगवान मशीनच्या सुईचा दांडा सगळ्या बाजूंनी गोल असतो. दोन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. बसवल्या तरी टीप सुटते, नाहीतर सुई मोडते. म्हणून तो फोटो. पाकिटावर सुईच्या जातीचं नाव असतं, चपट्या घरगुती सुईवर बहुतेक 'एचए एक्स १' आणि गोल दांड्याच्या सुईवर 'डीबी एक्स १' छापलेलं असतं. दुकानदाराला फोटो दाखवला की तो बरोबर काढून देतो.

पुढे नंबर. बारीक कापडाला बारीक सुई. रेशीम, जॉर्जेट, शिफॉनला ११ नंबर; पॉपलिन, रुबिया, साधं सुती याला १४; जाड खादी, जीन्स, पिशव्यांचं कापड याला १६ किंवा १८. काही पाकिटांवर ९०/१४ असे दोन आकडे असतात, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. टी-शर्ट, लेगिंग असलं ताणणारं कापड शिवणाऱ्यासाठी गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई वेगळी मिळते. ती कापडाचा धागा तोडत नाही, दोन धाग्यांमधून सरकते. सुई साधारण आठ-दहा तास शिवून झालं की बदलावी असं शिकवतात. प्रत्यक्षात आम्ही मोडेपर्यंत वापरतो, आणि मग रेशमावर धागा ओढला गेला की मशीनला नावं ठेवतो. ११, १४ आणि १६ अशी दोन-दोन पाकिटं एका छोट्या डबीत घालून द्या. दुकानाप्रमाणे भाव बदलतो, पण एवढ्यानं कुणाचं दिवाळं निघत नाही.

दोऱ्याचं मात्र जपून. रंगीबेरंगी पन्नास-शंभर रिळांचा बॉक्स दिसायला फार छान दिसतो, आणि बहुतेक वेळा त्यातला दोरा कच्चा असतो. दुकानात एक रीळ उघडून हातभर दोरा काढा. उजेडाकडे धरा. खूप लव दिसली, किंवा दोन्ही हातांनी झटका देताच तुटला, तर तो बॉक्स तिथेच ठेवा. ती लव बॉबिन केसमध्ये साठते आणि टीप बिघडवते. त्यापेक्षा चांगल्या पॉलिस्टर दोऱ्याचे पांढरा, काळा, मरून आणि क्रीम असे चार मोठे कोन घ्या. हे चार रंग प्रत्येक शिवणारीचे आधी संपतात. कोन वापरायला स्टँड लागतो, तोही तिच्याकडे नसेल तर सोबत द्या.

बॉबिन डझनभर द्या, पण तिची एक बॉबिन नमुना म्हणून सोबत नेल्याशिवाय घेऊ नका. उंचीत थोडाही फरक असला की ती केसमध्ये अडकते. हूक, टिचबटणं, पायपिंगची दोरी, नाडीचं बंडल, इलास्टिक, बकरम, हे सगळं एका कप्प्यांच्या डब्यात भरून दिलं तर दिसायलाही भेट दिसते. आणि मशीनचं तेल. ती छोटी बाटली कुणी भेट म्हणून देत नाही, म्हणूनच द्या. कितीतरी घरांत मशीनला खोबरेल नाहीतर गोडं तेल घालतात. ते काही दिवसांनी चिकट होतं, आपल्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा त्यात बसतो आणि मशीन जड चालायला लागतं. मग माणसं म्हणतात, मशीन जुनं झालं.

अस्तराचं कापड मी कापडात धरत नाही, किराण्यात धरते. मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन नेहमीच्या आठ-दहा रंगांचं सुती अस्तर एकेक मीटर घेतलंत तर ती तुम्हाला वर्षभर दुवा देईल. संभाजीनगरला गुलमंडी-औरंगपुऱ्यात, नांदेडला वजिराबादेत, लातूरला गंजगोलाईच्या आसपास अशी दुकानं शोधावी लागत नाहीत. गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. दिवाळीच्या गर्दीत कोणत्या रस्त्यानं आत आलो तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

कात्री: द्यायचीच असेल तर

मला कुणी विचारलं की एकच वस्तू सांगा, तर मी कात्री सांगते. आणि लगेच समोरचा म्हणतो, "कात्री कशी द्यायची? भांडण होतं."

हे आपल्याकडे आहेच. रिकामी कात्री वाजवू नये, दिवेलागणीनंतर कुणाला सुई देऊ नये, धारेची वस्तू हातात देऊ नये. माझी सासू अजूनही कात्री खाली ठेवते, मग मी उचलते. त्यावर जुना उपाय आहे: कात्री देताना घेणाऱ्याकडून एक रुपया घ्यायचा. म्हणजे ती भेट राहत नाही, विकत दिली असं होतं. माझ्या भावानं मला कात्री दिली तेव्हा मी ओवाळणीच्या ताटातलाच रुपया उचलून त्याला दिला. अजून तरी आमचं भांडण झालेलं नाही, म्हणजे कात्रीवरून नाही.

घरी शिवणाऱ्या बाईसाठी आठ किंवा नऊ इंची कात्री पुरते. दहा इंची टेलरची कात्री दिसते भारदस्त, पण हात लहान असेल तर अर्ध्या तासात मनगट दुखतं. मूठ वर वळलेली असावी, म्हणजे खालचं पातं जमिनीला टेकून चालतं आणि कापड उचललं जात नाही. मेरठच्या कात्र्या नावाजलेल्या आहेत. तिथे जुन्या गाड्यांच्या भंगार पोलादापासून त्या घडवतात, आणि २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांना पुन्हा पुन्हा धार लावता येते, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं टिकतात. रंगीत प्लॅस्टिक मुठीच्या हलक्या स्टील कात्र्याही चांगल्या मिळतात, वयस्क हातांना त्याच बऱ्या.

घेताना पिशवीत साटीनची किंवा क्रेपची एक चिंधी न्या. कात्री मध्ये सगळ्याच कापतात, परीक्षा टोकाशी असते. चिंधीची चार पदरी घडी करून अगदी टोकानं कापून बघा. कापड चावलं, दुमडलं किंवा टोकाशी न कापता सरकलं तर ती नको. पाती उघडझाप करताना खरखर लागू नये आणि स्क्रू ढिला नसावा. शिवणारी डावखुरी असेल तर डाव्या हाताची कात्री वेगळी येते, ती मागवा. उजव्या हाताच्या कात्रीनं डावखुऱ्या माणसाला कापायची रेघच दिसत नाही. माझी एक मैत्रीण तीस वर्षं तशीच कापत होती.

एक काम तुम्हीच करा. कात्रीच्या मुठीला लाल फीत बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की हिनं कागद, दुधाची पिशवी आणि मेथीची जुडी कापायची नाही. कात्री वापरानं जेवढी खराब होत नाही तेवढी घरच्यांनी होते. पाहिजे तर त्याच पिशवीत एक साधी स्वस्त कात्री घरच्यांसाठी घाला. झिगझॅग कात्री, धागे तोडायचा छोटा कटर आणि उसवायला सीम रिपर या दुय्यम वस्तू. त्यातला सीम रिपर दहा-वीस रुपयांपासून मिळतो, आणि ब्लेडनं उसवणाऱ्या बाईची बोटं वाचवतो.

फूट, टेप आणि बाकी लहानसहान

साखळी (चेन) लावायला एकेरी फूट, बारीक काठ दुमडायचं फूट, पायपिंगचं फूट, हे हौशी माणसाला फार आवडतात. पण बत्तीस फुटांचा चकचकीत डबा दिसला म्हणून घेऊ नका. ते बहुतेक झिगझॅग करणाऱ्या, फूट टिचकन बसणाऱ्या मशीनचे असतात. सरळ टीप मारणाऱ्या काळ्या मशीनवर त्यातले बहुतेक निरुपयोगी. माझ्या बहिणीच्या घरी असा एक डबा आहे, त्यात ती आता टिकल्यांची पाकिटं ठेवते.

टेप घेताना स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. स्वस्त टेप ताणला जातो, आणि छातीचं माप पाव इंच चुकलं की ब्लाऊजचा गळा उठतो. दुसरं काही सांगण्यासारखं नाही यात.

डोळे, पाठ आणि उजेड

या भागाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाळिशी लागलेली बाई सुईत दोरा ओवताना दोरा थुंकीनं ओला करते, डोळे बारीक करते, चारदा हुकते आणि मग मशीन आवडेनासं होतं. तिला वाटतं आपली आवडच कमी झाली. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा, जवळचा नंबर काढा आणि शिवणासाठी वेगळा चष्मा करून द्या. सोबत सुईत दोरा ओवायची ती पातळ तारेची पट्टी द्या, ती चणे-फुटाण्यांच्या भावात मिळते.

उजेडासाठी चुंबकानं मशीनला चिकटणारा, वाकवता येणारा एलईडी दिवा बघा. घेताना तो चार्जिंगचा घ्या. खेड्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. पायमशीन विजेवाचून चालतं, पण अंधारात टीप दिसत नाही.

जमिनीवर बसून कापणाऱ्या बाईला गावातल्या सुताराकडून कटिंगचं टेबल करून घ्या. उंची तिच्या कमरेपर्यंत, म्हणजे उभं राहून वाकावं लागणार नाही. जागा नसेल तर भिंतीला बिजागरीनं लावलेली, दुमडून वर जाणारी फळी करा. मशीनसमोर पाठ टेकायला जागा असलेली, योग्य उंचीची खुर्ची द्या. आमच्या गल्लीत दोघी बहिणी वर्षानुवर्षं गोल स्टुलावर बसून शिवतात, आणि दोघींचीही कंबर गेली.

हातशिलाई, भरतकाम आणि वाकळ

सगळ्याच शिवणाऱ्या मशीनवर शिवत नाहीत. भरतकाम करणारीला लाकडी रिंग, बारीक नाकाच्या सुयांचं पाकीट आणि भरतकामाच्या दोऱ्याच्या लडी द्या. अँकरच्या एका लडीत आठ मीटर दोरा असतो, सहा पदरांचा, आणि पदर सुटे करून वापरता येतात. रंग निवडताना तुमच्या आवडीचे सहा घेण्यापेक्षा एकाच रंगाच्या फिक्या ते गडद अशा पाच छटा घ्या. पान-फूल भरायला छटाच लागतात. काचकामाची आवड असेल तर बारीक आरशांची पाकिटं द्या. आपल्या तांड्यांवरच्या बंजारा बायांची फेटिया-कांचळी (घागरा-चोळी) जवळून पाहिली असेल तर आरसे, कवड्या आणि उठावदार रंग एकत्र कसे बसतात ते लक्षात येतं. तांड्यावरच्या एखाद्या बाईकडून तिनं भरलेली पट्टी रास्त पैसे देऊन विकत घ्या आणि ती भेट द्या. घासाघीस करू नका. त्या पट्टीत किती दिवसांची बोटं असतात ते शिवणाऱ्या बाईला लगेच कळेल.

आणि वाकळ, म्हणजे गोधडी. तुमच्या आजीला किंवा मावशीला वाकळ शिवायची आवड असेल तर दुकानात जाण्याआधी स्वतःची कपाटं उघडा. मऊ झालेली सुती लुगडी, धोतरं, जुन्या चादरी, फक्त सुती. धुऊन, उन्हात वाळवून, फाटका भाग कापून, घडी घालून द्या. नायलॉनची साडी त्यात चुकूनही घालू नका. ती आतून सरकते आणि वाकळीला गोळे येतात. सोबत लांब, जाड सुया, पक्का सुती दोरा आणि बोटात घालायचं अंगुस्तान. अंगुस्तान बोटाच्या मापाचं लागतं, म्हणून दोन मापांचं घ्या. आजी आधी म्हणेल, "मला कशाला, इतकी वर्षं बोटानंच ढकलली सुई." आठ दिवसांनी ते तिच्या बोटात दिसेल.

कापडच द्यायचं असेल तर

काही जणांना कापडाशिवाय चैन पडत नाही. ठीक आहे, पण मग पन्हा विचारून घ्या. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ३६ इंची पन्ह्याचं अडीच मीटर आणि ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर यात एका कुर्त्याच्या बाह्यांएवढा फरक पडतो. ब्लाऊजला ऐंशी सेंटिमीटर नव्हे, पूर्ण मीटर घ्या. कुर्त्याला अडीच मीटर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेवढं जास्तीचं धरा.

काय घ्यावं? नांदेडला खादी आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मीटरवर मिळणारी साधी खादी शिवायला किती गोड असते ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. सुई अडत नाही, घडी बसते, इस्त्रीला ऐकते. संभाजीनगरचं हिमरू हे सूत आणि रेशीम मिसळून विणलेलं कापड. ते महाग आहे, पण जाकीट किंवा बटव्यापुरतं थोडंसं घेतलं तरी बाई ते महिनाभर नुसतं उलगडून बघेल. पैठणीवर कात्री चालवायला कुणाचाही हात धजत नाही, म्हणून कापण्यासाठी पैठणी देऊ नका. काठाचे तुकडे मिळतात, ते बरे. हातमागाची अस्सल आहे म्हणून कुणी तुकडा विकत असेल तर उलटी बाजू बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागून जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, सुटे लोंबते धागे नसतात.

आणि कापडासोबत "मला पण एक शिव" ही ओळ देऊ नका.

नवं मशीन द्यायचं का?

हातात मावणारं, स्टेपलरसारखं दिसणारं छोटं मशीन कधीही देऊ नका. मी एका प्रदर्शनातून हौसेनं घेतलं होतं. पहिल्या परकराच्या काठाला दोन वीत टीप बसली, धागा ओढला तर सगळी एका दमात उसवली. आता ते मुलाच्या खेळण्यात आहे.

शिकणाऱ्या मुलीला मजबूत काळं सरळ टिपेचं मशीन, स्टँडसकट, आणि वर मोटर, हे सगळ्यात भरवशाचं. वीज गेली तर पाय आहेतच. बिघडलं तर तालुक्याला ते उघडणारा मिस्त्री असतो. पांढरं झिगझॅग मशीन सुंदर असतं, पिको-काजं सगळं करतं, पण घेण्याआधी विचारा की दुरुस्तीला कुठे न्यावं लागेल. उत्तरात दुसऱ्या जिल्ह्याचं नाव आलं तर पुन्हा विचार करा. जुनं मशीन चांगल्या स्थितीत मिळत असेल तर शिवणारं कुणी सोबत नेऊन चालवून बघा. पातळ कापडावर दोन्ही बाजूंची टीप सारखी आली, चाक मोकळं फिरलं, तर घ्यायला हरकत नाही.

ती स्वतः शिवण्याच्या धंद्यात असेल तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. त्यातल्या १८ व्यवसायांत शिवणकाम आहे, आणि पात्र ठरणाऱ्याला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाऊचर मिळतं. फॉर्म भरायला तिला सोबत नेणं, कागद गोळा करून देणं, हीसुद्धा भावानं द्यावी अशी ओवाळणी आहे. खेड्यातल्या मुलीला शिकायचंच असेल तर जिल्ह्याजिल्ह्यात असलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये साधारण महिनाभराचं शिवणाचं प्रशिक्षण मोफत असतं. तेवढे दिवस तिच्या घरचा स्वयंपाक कोण करणार, एवढीच अडचण. ती तुम्ही सोडवलीत तर त्याच्यापुढे मशीनही फिकं.

शेवटची पायरी: केव्हा आणि कसं द्यायचं

कमावण्यासाठी शिवणाऱ्या बाईची दिवाळी म्हणजे नवरात्रापासून लक्ष्मीपूजनापर्यंतची रात्रपाळी. "तुझं मशीन सर्व्हिसिंग करून आणतो" ही भेट उत्तम आहे, पण त्या दिवसांत मशीन उचलून नेऊ नका. चिठ्ठीवर लिहून द्या, आणि तुळशीच्या लग्नाच्या आधी, लग्नसराई सुरू व्हायच्या आत मिस्त्रीला घरी बोलवा. चामड्याचा पट्टा बदलायचा आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या. उलट सुया, दोरे, अस्तर आणि कात्री मात्र दिवाळीच्या आठ दिवस आधी द्या, म्हणजे त्या घाईत उपयोगी पडतील. भाऊबीजेपर्यंत थांबलात तर हंगाम संपलेला असतो. संक्रांतीच्या वाणालाही हे सगळं चालतं. स्टीलच्या वाट्यांऐवजी सुयांचं पाकीट आणि एक सीम रिपर लुटा, बाया हसतील, पण जपून नेतील.

बांधताना चकचकीत कागद नको. एक मीटर सुती कापडात गुंडाळून गाठ मारा, म्हणजे कागद वाया जात नाही आणि कापड तिच्या कामाला येतं. कात्री असेल तर ती खाली ठेवा, तिला उचलू द्या, आणि रुपया मागायला विसरू नका. बिल जपून ठेवा. बॉबिन, सुई, फूट बदलून देणार का ते दुकानदाराला घेतानाच विचारा. भाऊबीजेनंतर बरीच दुकानं दोन-चार दिवस बंद असतात, तेव्हा बदलायला गेलात तर कुलूप बघून परत यावं लागेल.